रडायची यादी

मी माझ्या सासूबाईंची सतरा गाणी व्हायरस समजून पुसून टाकली.

हेच वाक्य मी आधी जरा बरं दिसेल असं करून पाहिलं होतं. "गाणी उडाली," असं मी वाघमारे मॅडमना म्हणालो. काउंटरच्या पलीकडून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "उडाली? पाखरं होती का? कुणी उडवली ते सांगा." त्यांच्यापुढे वाक्यातला कर्ता लपवता येत नसे. तेव्हा पहिलंच वाक्य खरं. बाकीचं सांगतोच, पण त्याआधी वाघमारे मॅडम सांगायला हव्यात. कारण या सगळ्या प्रकरणात माझं काम फक्त चुका करण्याचं होतं, आणि ते मी आयुष्यभर कुणाच्याही मदतीशिवाय करत आलोय.

शकुंतला वाघमारे यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान भाईंदर पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. जिन्याच्या उताराने छत तिरकं झालेलं, त्यामुळे दोन गिऱ्हाइकं ताठ उभी राहू शकत आणि तिसऱ्याला आपोआप नम्र व्हावं लागे. भिंत निळी. तिच्यावर त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी: ‘आधी वाचा, मग दाबा.’ नवा माणूस ती वाचून इकडेतिकडे बेल शोधत बसे. मीही शोधली होती.

बाई मूळच्या उदगीरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि अकरा वर्षं एका कंपनीत मराठी अर्ज नि फॉर्म टाइप करायच्या नोकरीत काढली. कंपनी बंद पडली त्या दिवशी लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, एकाने भिंतीवरचं घड्याळ नेलं. वाघमारे मॅडमनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा भरून सीड्या आणल्या. "खुर्ची काय, कुठंबी मिळती," असं त्या सांगायच्या. हा डबा त्यांच्या स्टुलाखाली असे. शेजारचा मोबाइलवाला त्याला ‘मॅडमचा खजिना’ म्हणून हसायचा. आता सीडी लावायला जागा तरी कुठल्या लॅपटॉपला असते? मॅडमकडे ती लावायचं एक वेगळं यंत्र होतं, चपातीच्या डब्याएवढं. ते त्या कुणाला हात लावू देत नसत.

माझी त्यांची ओळख अशीच एका गाढवपणामुळे झाली. लॅपटॉप हळू चालतोय म्हणून मी इंटरनेटवरून तो पळवण्याचा एक प्रोग्राम उतरवला. त्याने चार हजार दोष आहेत असं सांगून दुसरा उतरवायला लावला, दुसऱ्याने तिसरा. शेवटी लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला की मी बटण दाबून भाजी आणायला जात असे. मॅडमनी तो उघडला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"ही एवढी मंडळी कुणी बोलावली?"

"मीच. म्हणजे ते विचारत होते, पुढे जाऊ का? मी हो म्हणत गेलो."

"काय लिहिलंय ते वाचलं नाही?"

"इंग्रजीत होतं. लांबलचक."

"मंग दाबायला कसं इंग्रजी आलं?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या दोन बायका खुसखुसल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी पेडणेकर राहिलो नाही. ‘नेक्स्टवाले भाऊ’ झालो. रस्त्यात भेटल्या तरी, "काय नेक्स्टवाले भाऊ, पुढं चाललाव का?" असं विचारायच्या. चारचौघांत.

बोलणं असं असलं तरी हात फार हळुवार. कीबोर्डमधला चुरा काढायला त्यांच्याकडे चेहऱ्याला पावडर लावायचा मऊ ब्रश होता. लॅपटॉपला त्या ‘लेकरू’ म्हणायच्या आणि ब्रश फिरवता फिरवता मालकाला झापायच्या. "लेकराच्या अंगावर फरसाण खाता? घरात ताट नाही का?" दसऱ्यानंतरच्या दिवसांत लॅपटॉप हळदकुंकवाने माखून यायचे. तेव्हा त्या काही बोलत नसत. मागचं झाकण उघडून आतल्या पंख्यावर साचलेली लाल-पिवळी पूड कागदावर काढायच्या, पुडी बांधायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. "तुमची पूजा. ह्याला चालत नाही."

पण त्यांचं खरं प्रसिद्ध काम म्हणजे जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून नवी घालणं. हे दोन तऱ्हांनी होतं, आणि आमच्यासारख्या पुनर्विकासाच्या गावात त्यांनी ते समजावण्याची युक्ती शोधली होती. "वरून रंग मारायचा, का प्लास्टर काढायचं?" रंग म्हणजे आहे त्यावरच नवं चढवायचं. सामान जागच्या जागी राहतं, पण भिंतीतली ओलही राहते. प्लास्टर म्हणजे सगळं पुसून कोरं करायचं, मग नवं घालायचं. बहुतेक लॅपटॉपना प्लास्टरच लागायचं. आणि प्लास्टर म्हटलं की मॅडम काउंटरखालून एक कोरा कागद आणि पेन काढायच्या.

"बसा. यादी लिहा."

"कसली?"

"ह्यातलं काय गेलं तर रडू येईल, त्याची."

हीच ती रडायची यादी. ती स्वतःच्या हाताने लिहायची, खाली सही करायची. त्याशिवाय त्या पुसायच्या बटणाला हात लावत नसत. खरं म्हणजे त्या नंतर सगळ्याच फायली कॉपी करून ठेवायच्या, यादीत असोत की नसोत. मी एकदा विचारलं, मग यादीचं नाटक कशाला? म्हणाल्या, "सगळं सांभाळलं म्हणजे नेमकं काय सांभाळलं ते माणसाला कळत नाही. यादी लेकरासाठी नाही, मालकासाठी आहे."

नोकरी संपल्यापासून माझ्या बऱ्याच दुपारी त्या दुकानातच जात, म्हणून मला माहीत, त्या कागदांवर लोक काय काय लिहायचे! एका बाईंनी लिहिलं होतं, ‘नवऱ्याचा पासवर्ड (त्याला माहीत नाही)’. एका निवृत्त गृहस्थांनी फक्त पत्त्यांच्या खेळातला आपला सर्वांत मोठा स्कोअर. मॅडमनी तो स्कोअर नव्या सिस्टिममध्ये परत आणायला अर्धा दिवस घालवला होता. मी हसलो तर माझ्यावरच डाफरल्या, "रडू त्यांचं आहे. तुम्ही कशाला मोजायलाव?"

स्टीलच्या भांड्यांचे एक गुजराती व्यापारी होते, जयंतीभाई. त्यांनी कागदावर भलं मोठं शून्य काढून परत दिलं.

"कुछ नहीं है मॅडम. सब उडा दो."

"शेठ, कुछ नहीं में क्या क्या है?"

"अरे, बोला ना, कुछ नहीं!"

"तो दस मिनट बैठो. फिर उडाती हूँ."

जयंतीभाई तिरक्या छताखाली मान वाकवून बसले. चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्यांनी पेन मागितलं. नंतर काउंटरवर वाकून, जवळजवळ कानात म्हणाले, "एक फोल्डर है. मैं गाता हूँ. भजन. बाथरूम में रेकॉर्ड किया है, उधर आवाज अच्छा आता है. आप सुनना मत. और मेरे घर में बोलना मत." मॅडमनी नुसती मान हलवली. फायली कॉपी होत असताना त्या पडद्यावर नेहमी एक पांढरा नॅपकिन टाकत. लोकांचे फोटो, पत्रं, जे काही असेल ते त्या नॅपकिनखालून जायचं आणि यायचं. खाली फक्त टक्क्यांची पट्टी दिसेल एवढीच फट. मीच काय तो बाजूला उभा राहून मान लांब करायचो.

टक्के चालू असताना दुकानात बोलायला बंदी. "तो कामात आहे," म्हणायच्या, आणि स्वतः मेथी निवडत बसायच्या. एका दुपारी एकसष्ट टक्क्यांवर वीज गेली. गिऱ्हाईक होती एक शिक्षिका, तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि मॅडमचा बॅटरीवाला डबाही नेमका त्याच वेळी चीं करून बसला. पडदा काळा. शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. "गेला?"

मॅडमनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही. "गेला नाही. थांबलाय."

"म्हणजे?"

"तुमचं सामान माझ्याकडं वेगळं काढलेलं आहे. ह्याचं अर्धं प्लास्टर झालंय. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. गेलेलं आणि थांबलेलं एक नसतं, बाई."

वीज दीड तासाने आली. तोवर शिक्षिकेने निम्मी मेथी निवडून दिली होती.

सगळं झालं की मॅडम नॅपकिन काढायच्या आणि कोऱ्या पडद्यावर मराठीत एकच ओळ टाइप करायच्या. प्रत्येक लॅपटॉपवर तीच: ‘मी सुखरूप पोचलो, काळजी नसावी.’ ही ओळ नीट उमटली की काम पूर्ण. "मराठी उमटेपर्यंत लेकरू बोलायला लागलं नाही असं समजायचं," हा त्यांचा नियम. आमच्या भागात निम्मी गिऱ्हाइकं हिंदी आणि गुजराती बोलणारी. त्यांच्याही लॅपटॉपवर हीच ओळ. जयंतीभाईंनी तर ती पुसू दिली नाही, म्हणाले, शुभ लगता है.

तर अशी ही बाई चालत पंधरा मिनिटांवर असताना मी माझा लॅपटॉप स्वतःच्या हाताने पुसला.

त्याचं असं झालं. आमच्या लॅपटॉपवर रोज सकाळी एक सूचना येऊ लागली की तुमची सिस्टिम जुनी झाली, आता आम्ही तिची जबाबदारी घेणार नाही. तेच वाक्य मला गोदामातल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ऐकायला मिळालं होतं, त्यामुळे ते मनाला लागलं. मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "प्लास्टरच काढावं लागंल. चार दिवस थांबा, लाइन आहे. आणि दोघांची यादी आणा. तुमची वेगळी, ताईंची वेगळी."

ताई म्हणजे माझी बायको, सुमन. ती तेव्हा समुद्रकाठच्या पालीला माहेरी होती. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. सुमनचं माहेर कोळ्याचं, आणि तिची आई, जनाबाई, म्हणजे त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. मांडव उभा राहताना, हळद लागताना, लग्नातल्या प्रत्येक कामाला बायकांनी म्हणायची जी गाणी असतात, ते धवले. ते सांगणारी ती धवलारीण. सासूबाई साठ वर्षं हे करत आल्या. आता छातीत दम राहिला नाही, शब्द मधेच निसटतात. म्हणून या लग्नात पहिल्यांदाच सुमन उभी राहणार होती. घरातल्याच मुलीचा मांडव, आणि तिला निम्मेच धवले पाठ. उरलेल्यांसाठी तिचा सगळा भार होता लॅपटॉपमधल्या सतरा फायलींवर. तीनेक वर्षांपूर्वी तिने आईच्या तोंडून धवले वहीत उतरवले आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानातून टाइप करून आणले. त्या माणसाने फायली लॅपटॉपमध्ये टाकल्या, बरोबर आपला एक मराठी फॉन्टही टाकला. दुकान नंतर बंद झालं.

वही? वही मी रद्दीत दिली. "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे," असं म्हणून. प्रिंटही मीच काढू दिली नव्हती, कागद वाया जातो म्हणून.

चार दिवस थांबणं माझ्या स्वभावात नाही. इंटरनेटवर एका तरुणाने हेच काम हसत हसत अकरा मिनिटांत केलेलं पाहिलं. मी यादी केली, पण माझी एकट्याची: करविवरणपत्रं, महाबळेश्वरचे फोटो आणि माझं अपुरं आत्मचरित्र. सुमनला फोन करून विचारलं नाही. ती मांडवाच्या गडबडीत होती, कशाला त्रास, असा उदात्त विचार केला. तरी, स्वतःची एवढी बाजू घेतो, लॅपटॉपमधल्या सगळ्याच फायली मी एका पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. मग वाचत वाचत, अगदी पाटीवरच्या नियमाप्रमाणे, सगळं पुसलं. अकरा मिनिटांच्या कामाला साडेपाच तास लागले, पण झालं. नवा कोरा पडदा उजळला तेव्हा मी स्वतःशीच टाळी वाजवली.

आणि मग पेनड्राइव्ह लावला. एकेक फाइल उघडून पाहत गेलो. फोटो ठीक. आत्मचरित्र ठीक, दुर्दैवाने. नंतर ‘एक’ ते ‘सतरा’ अशी नावं असलेल्या फायली. उघडल्या तर आत नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, तारका, अर्थ काहीच नाही. मला आठवले ते जुने दिवस, चार हजार दोषवाले. म्हटलं, व्हायरस! नव्या घरात पाय ठेवतोय! सतराच्या सतरा फायली मी निवडल्या आणि उडवल्या. सिस्टिमने विचारलं, नक्की? यावेळी मी वाचलं, आणि हो म्हटलं. मग या विजयाच्या भरात, सुरक्षितता म्हणून, आत्मचरित्राच्या आणखी तीन प्रती फोटोंसकट त्याच पेनड्राइव्हवर ठेवल्या.

संध्याकाळी सुमनचा फोन आला. "अहो, आईचे धवले उद्या प्रिंट काढून आणा. ‘एक’ ते ‘सतरा’ नावं आहेत बघा."

मी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"ऐकताय ना?"

"‘एक’ ते ‘सतरा’," मी म्हणालो. "हो. बघितली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर जाण्याआधी आम्ही दोघं तिथे उभे होतो. सुमन पहिल्या बसने पालीहून आली होती. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्याआधीचे सगळे शब्द फोनवर बोलून झाले होते.

मॅडमनी माझं वाक्य दुरुस्त करून घेतलं, कर्ता वदवून घेतला. मग पेनड्राइव्ह हातात घेतला आणि विचारलं, "पुसल्यावर ह्याच्यावर काही ठेवलं?"

"आत्मचरित्र."

"किती वेळा?"

"तीन."

"एकदा जगून भागलं नाही?" त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि सुमनकडे वळून आवाज बदलून म्हणाल्या, "ताई, बसा. पुसलेलं लगेच जात नसतं. नाव खोडलं जातं, सामान तिथंच असतं, वर दुसरं काही पडेपर्यंत. गेले नाहीत तुमचे धवले. थांबलेत."

नॅपकिन पडद्यावर पडला. टक्क्यांची पट्टी सरकू लागली. मेथी नव्हती, वालपापडी होती. सुमनही शेंगा मोडू लागली. मला कुणी शेंग दिली नाही.

अर्ध्या तासाने मॅडमनी नॅपकिन उचलला. सतरा फायली परत आल्या होत्या. त्यांनी पहिली उघडली आणि पुन्हा तोच कचरा: इंग्रजी अक्षरं, कंस, तारका. सुमनचा चेहरा उतरला. "हे आमचं नव्हे हो," ती म्हणाली. "खराब झालं ना?" मला मात्र, लाज वाटते सांगायला, क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, बघा, मी म्हणत होतो ना!

मॅडम पडद्याकडे पाहत होत्या आणि त्यांची बोटं काउंटरच्या लाकडावर हलत होती. काहीतरी टाइप केल्यासारखी.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी लोकांचं वाचत नसते. पण हे वाचू का?"

"ह्यात वाचायला काय आहे?"

"‘ई’ची कळ म्हणजे म. ‘एस’ म्हणजे मात्रा. ही तिरकी खूण म्हणजे ढ." बोटं लाकडावर पडत होती. "मेढ. पुढं... रोविली. पयली मेढ रोविली दर्याच्या नावाची. असं आहे का काही?"

सुमनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तो फॉन्ट नव्या सिस्टिममध्ये नव्हता, एवढंच झालं होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आत सगळी इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. मी कपडे फेकून दिले आणि उघडं माणूस बघून चोर चोर ओरडलो. पण वाघमारे मॅडमनी अकरा वर्षं याच कळांवर लोकांचे अर्ज टाइप केले होते. त्यांना कपड्यांची गरजच नव्हती. त्या एकेक ओळ बोटांनी चाचपत वाचत गेल्या, सपाट आवाजात, रेशनच्या अर्जासारखी. दुसऱ्या ओळीला सुमनने त्यांच्या मागून सूर धरला. तिसऱ्या ओळीला मॅडम वाचायच्या थांबल्या नि ऐकू लागल्या. शेजारचा मोबाइलवाला दारात येऊन उभा राहिला. त्याला मराठी यथातथाच येत होतं, तरी तो फोन बंद करून उभा होता.

*पयली मेढ रोविली दर्याच्या नावाची,*
*दुसरी मेढ रोविली आयेच्या दुधाची,*
*तिसरी मेढ रोविली आपल्या गावाची,*

आणि पुढे खरंच काही नव्हतं. रिकाम्या चौकटींची रांग. मांडवाला चार मेढी लागतात, खांब. चौथी नव्हती.

"इथं वर दुसरं पडलंय," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता कारणही सांगितलं. "आत्मचरित्र. बालपण."

बाकीचे सोळा पूर्ण होते. मॅडमनी स्टुलाखालून खजिन्याचा डबा काढला. चौथ्या की पाचव्या सीडीवर तो फॉन्ट सापडला. चपातीच्या डब्यासारखं यंत्र दोनदा घरघरलं, तिसऱ्यांदा वाचू लागलं, आणि पडद्यावर मराठी उमटलं. त्यावर न थांबता त्यांनी सगळे धवले नव्या पद्धतीच्या अक्षरांत फिरवून घेतले, जी कुठल्याही लॅपटॉपवर, फोनवर वाचता येतात आणि ज्यांना माझ्यासारखा जावईही सहज मारू शकत नाही. फिरवताना काने-मात्रा इकडेतिकडे झाल्या, त्या सुमनने शेजारी बसून सुधारून घेतल्या. शेवटी मॅडमनी आपली ओळ लिहिली, ‘मी सुखरूप पोचलो, काळजी नसावी.’ मग थांबल्या, आणि ती पुसून टाकली.

"नाही पोचला अजून. एक मेढ राहिलीय. तुमच्या आईला आठवत असंल का?"

"तोच तर धवला ती विसरते हल्ली," सुमन म्हणाली. "तीन मेढी म्हणते आणि थांबते. मांडव त्याच धवल्यावर उभा राहतो."

"विसरली का थांबली?" मॅडमनी विचारलं. "रविवारी माझं बंद असतं. मी येते."

आणि त्या आल्या. पालीच्या अरुंद गल्लीत रिक्षा शिरेना, तर लॅपटॉप छातीशी धरून शेवटचा रस्ता चालत आल्या. 

वाघमारे मॅडमना मी त्या दिवशी शेवटचं पाहिलं. पुढच्याच महिन्यात त्यांची इमारत पाडायला रिकामी झाली आणि त्या उदगीरला गेल्या. तिथे आता जिन्याखाली नाही, चांगल्या दोन खिडक्यांच्या खोलीत त्या मुलींना मराठी टायपिंग आणि लॅपटॉप दुरुस्ती शिकवतात. भाईंदरची माणसं अजून त्यांना फोन करतात. जयंतीभाई तर फोनवरूनच यादी सांगतात म्हणे. त्या आता म्हणतात, मुलींना आधी पावडरचा ब्रश धरायला शिकवते, मग बाकीचं.

पण मला त्या दिसतात त्या पालीच्या ओट्यावरच. समोर सुकत घातलेली जाळी, पलीकडे निम्मा उभा राहिलेला मांडव. मॅडम मांडी घालून बसलेल्या, मांडीवर लॅपटॉप, बोटं कळांवर ठेवलेली. डोळे मात्र पडद्यावर नाहीत, कळांवरही नाहीत. ते सासूबाईंच्या तोंडाकडे. त्यांनी गाणं आठवा असं एकदाही म्हटलं नाही. विचारलं, "आजी, मांडव बांधताना चौथा खांब कुणी धरायचा?"

"तो?" सासूबाई म्हणाल्या. "तो बाहेरचा मानूस धरतो. नवरीकडला कोनी धरीत न्हाय." आणि म्हणता म्हणता त्यांची मान डोलू लागली. आवाज नव्हताच, नुसता वारा होता, पण शब्द स्पष्ट आले.

*चवथी मेढ रोविली येनाऱ्या जावयाची,*
*हालली तरी चालंल गो, पडायची न्हाय.*

सुमनने ती ओळ उचलून मोठ्याने म्हटली. मांडवाखालच्या बायकांनी मागे धरली. मॅडमची बोटं गाण्याच्या बरोबरीने चालत होती आणि गाणं संपलं तेव्हा टाइप करणंही संपलेलं होतं. मग त्यांनी खाली एक ओळ सोडून आपलं वाक्य लिहिलं. यावेळी पुसलं नाही.

"बरी सापडली," सुमन डोळे पुसत म्हणाली. "नेमकी जावयाचीच विसरली होतीस गो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. झालेला सगळा प्रकार त्यांना तोवर तपशिलासकट कळला होता. रद्दी, प्रिंट, व्हायरस, बालपण.

"बाय," त्या मॅडमना म्हणाल्या, "ह्यो डबा जुना झाला का तू पुसून नवा करतेस ना?"

"करते की, आजी."

"मंग आमचा ह्यो जावय करशील काय?"

"करते," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या आणि पिशवीतून कोरा कागद नि पेन काढलं. "पण आधी यादी लागती. ह्यांच्यातलं काय राखायचं ते सांगा. नाहीतर मागून रडाल."

सासूबाई विचारात पडल्या. खरंच पडल्या. मी जरा सरळ बसलो. पस्तीस वर्षं त्यांचा जावई होतो, काहीतरी निघेल. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं. सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, मग पुन्हा एकदा, पायापासून डोक्यापर्यंत.

"न्हाय बाय," त्या म्हणाल्या. "काय न्हाय. पूस."